प्रांत कचेरी की वकिलात?

मराठवाड्यातल्या वाशीत अभ्यासिकांमधली गर्दी सोयाबीनच्या भावाच्या उलट्या दिशेनं चालते. भाव पडला की खुर्च्या भरतात. त्या खुर्च्यांपैकी एकीवर माझ्या शेजारची एक मुलगी गेली काही वर्षं बसते आहे. तिचे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अर्जात सेवांचा पसंतीक्रम लिहायचा असतो. भाचीनं परराष्ट्र सेवा वरच्या क्रमांकावर घ्यायची ठरवली आणि मामांनी घर डोक्यावर घेतलं. त्या संध्याकाळी मी तिथं होतो. मी फारसा बोललो नाही. मला बोलायला जागाच मिळाली नाही, हे जास्त खरं.

वादाला निमित्त झाले ज्ञानेश्वर मुळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं अब्दुल लाट हे त्यांचं गाव, जन्म 1958 चा. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पहिले आले, उपजिल्हाधिकारी झाले आणि 1983 मध्ये ते पद सोडून भारतीय परराष्ट्र सेवेत गेले. टोकियो, मॉस्को, मॉरिशस, दमास्कस अशा नेमणुका झाल्या. मग मालदीवमध्ये मालेला उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत आणि शेवटी दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात सचिव. ‘माती, पंख आणि आकाश’ हे त्यांचं पुस्तक भाचीच्या टेबलावर होतं. मामांनी ते उलटं करून ठेवलं.

मामा : मला एवढंच सांग, हातात आलेली प्रांताची खुर्ची सोडून माणूस टोकियोला जातो कशापायी? इथं राहिला असता तर चार गावांचे टँकर वेळेवर सोडले असते. एखाद्याचा फेरफार अडला असेल, तो मार्गी लावला असता. शेतकऱ्याला साहेब दिसतो तो प्रांत आणि तहसीलदार. राजदूत कुणाला दिसतो?

भाची : मामा, त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलाच की. टँकर सोडायला माणूस कमी पडला नाही. पण अब्दुल लाटसारख्या गावातून परराष्ट्र सेवेत जाणारे त्या वेळी किती होते? आधीची माणसं आठवा. आप्पा पंत आपलेच, मराठीच. पण ते औंधच्या राजाचे चिरंजीव. 1948 मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले, नंतर सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, लंडन. राजपुत्रानं वकिलातीत जायचं आणि खेड्यातल्या पोरानं तहसीलीत, अशी वाटणी कुणी करून ठेवली?

मामा : वाटणी मोडली, ठीक. कौतुक करू. पण गाव सोडून गेलेल्या हुशार पोराचं कौतुक गावानं किती दिवस करायचं? आपला जिल्हा 2018 साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातले चारच जिल्हे त्यात होते. आकांक्षित म्हणजे मागासच, नाव तेवढं गोड दिलं. अशा जिल्ह्यातली हुशारी इथंच लागायला पाहिजे.

मामांचा हा मुद्दा मला सहज बाजूला सारता येत नाही. वाशी हे तालुक्याचं गाव. बालाघाटाच्या माथ्यावरची हलकी जमीन, खरिपात सोयाबीन आणि उडीद, पाऊस आला तर आला. तेरखेड्याला फटाके बनतात, अनेक घरं ऊसतोडीच्या उचलीवर चालतात. इथल्या माणसाला माले आणि न्यूयॉर्कचं सांगायचं तर आधी त्याचा इथं काय संबंध ते सांगावं लागतं. भाचीनं तो संबंध लावला, पण थेट नाही. मामांच्याच विषयातून शिरली.

भाची : तुम्ही इतिहासाचे. 1948 मध्ये आपला जिल्हा कुठं होता?

मामा : निजामाकडं. हे मला विचारतेस? 13 सप्टेंबरला फौजा आत शिरल्या, नळदुर्ग त्याच दिवशी हाती आलं, 17 तारखेला निजाम शरण आला. जिल्हा सुटला तो फौजेनं आणि त्याआधी वर्षभर सरहद्दीवरच्या छावण्यांत राहून लढलेल्या पोरांनी. कोट घालून भाषण करणाऱ्यांनी नव्हे.

भाची : आणि त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये काय चाललं होतं?

मामा : (जरा थांबून) सुरक्षा परिषद.

भाची : ऑगस्टमध्ये निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार केली होती. मोईन नवाज जंग शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला पोचले होते. 16 सप्टेंबरला परिषदेत विषय निघाला. भारताकडून रामस्वामी मुदलियार उभे राहिले. हैदराबाद हा स्वतंत्र देश नाही, त्याला इथं येण्याचा अधिकारच नाही, हे त्यांनी मांडलं. पहिल्याच बैठकीत युद्धबंदीचा ठराव झाला असता तर? काश्मीरचं काय झालं ते तुम्हीच शिकवलंत. फौजेला एकेक दिवस महत्त्वाचा होता आणि तिकडं मुदलियार परिषदेत बाजू लढवत होते.

मामा : दुसऱ्या दिवशी शरणागती झाली, 22 तारखेला निजामानं तक्रार मागं घेतली. फौज आठवडाभर अडकली असती तर तुझ्या मुदलियारांचं भाषण कुणी ऐकलं नसतं. रणात जिंकलं म्हणून सभेत टिकलं.

इथं दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण मामांकडं पारडं झुकतं. पाच दिवसांत काम उरकलं म्हणून पॅरिसमधल्या वादाला धार चढली नाही. तरीही मराठवाड्यातल्या शाळांत नळदुर्ग सांगितलं जातं आणि पॅरिस वगळलं जातं, ही उणीव आहेच. आपला जिल्हा सुरक्षा परिषदेच्या विषयपत्रिकेवर एका संस्थानाच्या पोटातून का होईना जाऊन आला, हे दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडा लावणाऱ्या पोरांना कळायला हरकत नाही.

भाची मग मालदीववर आली. मुळे 2009 पासून 2013 पर्यंत तिथं उच्चायुक्त होते. छोटा देश, सुखाची नेमणूक असं वाटावं, पण ती सर्वांत कठीण ठरली. 7 फेब्रुवारी 2012 रोजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी राजीनामा दिला. तो बंदुकीच्या धाकानं घेतला, असं त्यांनी लगेच सांगितलं. उपराष्ट्राध्यक्ष वहीद सत्तेवर आले आणि दिल्लीनं त्यांना तातडीनं मान्यता दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालेच्या विमानतळाचा जीएमआर या भारतीय कंपनीकडचा करार रद्द झाला. 2010 साली झालेला, 25 वर्षांचा, 50 कोटी डॉलरच्या वरचा करार. तो रद्द होण्याआधी वहीद यांच्या कार्यालयातल्या एका प्रवक्त्यानं जाहीर सभेत भारताच्या उच्चायुक्ताला मालदीवचा गद्दार आणि शत्रू म्हटलं. हे सरकारचं मत नव्हे, असं मालदीव सरकारला नंतर सांगावं लागलं.

मामा : बघ, तूच सांगितलंस. विमानतळाचं कंत्राट एका खासगी कंपनीचं. त्याच्यासाठी देशाचा उच्चायुक्त शिव्या खातो. तो वकील देशाचा की कंपनीचा?

भाची : करार दोन्ही सरकारांच्या डोळ्यांसमोर झाला होता. भारतातून गेलेला पैसा होता. नंतर लवादानं करार वैध धरला आणि 2016 मध्ये मालदीवला जवळपास 27 कोटी डॉलर भरावे लागले. म्हणजे उच्चायुक्त चुकीच्या बाजूनं भांडला नव्हता.

मामा : पैसे आले ते कंपनीच्या खात्यात. लोकांच्या मनात मात्र भारत म्हणजे विमानतळ बळकावणारा, एवढंच राहिलं. पुढं तिथं ‘इंडिया आउट’ची मोहीम झाली, ती काही एका दिवसात उगवली नाही. शेजाऱ्याशी भांडण जिंकायचं आणि शेजार गमवायचा, याला मुत्सद्देगिरी म्हणतात व्हय?

भाची : मग 13 फेब्रुवारी 2013 चं काय म्हणता? अटक टाळायला नशीद कुठं गेले? आपल्या उच्चायुक्तालयात. दहा दिवस तिथं राहिले. बाहेर पोलीस, आत माजी राष्ट्राध्यक्ष. त्या दिवसांत कुठं गोळी सुटली नाही, ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले. भारतावर इतका राग होता तर नशीद दुसऱ्या कुठल्या दारात गेले असते.

मामा : आणि वर्षभरापूर्वी त्याच नशीदला पाडणाऱ्यांना एका दिवसात मान्यता कुणी दिली?

भाची गप्प झाली. मला वाटतं, मामांचा हा सर्वांत टोकदार प्रश्न होता. तो मुळ्यांना विचारून उपयोग नाही, दिल्लीला विचारायला हवा. उच्चायुक्त सल्ला देतो, निर्णय दिल्लीत होतो आणि शिव्या मालेच्या सभेत त्याच्या नावानं पडतात. प्रांताचं तसं नसतं. प्रांतानं आदेश काढला तर त्यावर त्याची सही असते, लोक त्याच्या दारात धरणं धरतात. राजदूताच्या सहीचे कागद पुढं कित्येक वर्षं कुणाला दिसत नाहीत. म्हणून त्याचं यश कुणाला मोजता येत नाही आणि अपयशही त्याच्या अंगाला फार दिवस चिकटत नाही.

यावर भाचीनं एकदम अमेरिका काढली. 2012 मध्ये दिल्लीत अमेरिकेच्या राजदूत म्हणून आलेल्या नॅन्सी पॉवेल. या पदावरच्या पहिल्या महिला. आयोवा राज्यातल्या, म्हणजे मका आणि सोयाबीनच्या मुलखातल्या. परराष्ट्र सेवेत 1977 मध्ये येण्याआधी त्या शाळेत सामाजिक शास्त्रांच्या शिक्षिका होत्या. हे ऐकल्यावर मामा जरा सावरून बसले.

भाची : कोलकात्यात वाणिज्यदूत, दिल्लीच्या दूतावासात राजकीय विभाग, मग युगांडा, घाना, पाकिस्तान, नेपाळ या देशांत राजदूत आणि शेवटी भारत. अमेरिकेत कितीतरी राजदूत राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीतले असतात, निवडणुकीला पैसा उभा करणारे असतात. ही बाई मात्र खालच्या पायरीपासून चढत आली. सोयाबीनच्या गावातली मास्तरीण राजदूत होते, तर वाशीची पोर का नाही?

मामा : आणि तिचा शेवट कसा झाला?

शेवट सगळ्यांना माहीत आहे. 12 डिसेंबर 2013 रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी नेलेल्या बाईच्या व्हिसासाठी वेतनाची खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. त्यांची अंगझडती घेतली गेली आणि देशभर संताप उसळला. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे सरकारनं उचलून टाकले. अटक अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्याच सुरक्षा विभागानं केली होती. त्याचे परिणाम मात्र दिल्लीत बसलेल्या पॉवेल यांना निस्तरावे लागले. फेब्रुवारी 2014 मध्ये त्या गांधीनगरला जाऊन नरेंद्र मोदींना भेटल्या. त्याच मोदींना अमेरिकेनं 2005 मध्ये व्हिसा नाकारला होता. 31 मार्चला पॉवेल यांच्या राजीनाम्याची घोषणा झाली. सदतीस वर्षांच्या सेवेनंतर आधीच ठरलेली निवृत्ती, असं अमेरिकी सरकारनं सांगितलं. वर्तमानपत्रांनी आपापले अर्थ लावले.

गंमत अशी की त्या भांडणाच्या न्यूयॉर्कच्या टोकाला मुळेच होते. खोब्रागडे ज्या कचेरीत काम करत होत्या, तिचे प्रमुख ते. एप्रिल 2013 मध्ये मालेहून सुटून आले आणि वर्षही पुरं व्हायच्या आत हे.

भाची : दूतावासातल्या अधिकाऱ्याला पूर्ण संरक्षण, वाणिज्य दूतावासातल्याला फक्त कामापुरतं. 1961 चा एक व्हिएन्ना करार, 1963 चा दुसरा. म्हणून तर खोब्रागड्यांची बदली घाईनं संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली. तिथं पूर्ण संरक्षण मिळालं आणि जानेवारीत त्या मायदेशी आल्या. नंतर कंबोडियात राजदूतही झाल्या. कायद्याच्या एका कलमानं देशाची अब्रू वाचली.

मामा : अब्रू वाचली अधिकाऱ्याची. तू मघापासून मला कलमं सांगतेस, त्या बाईबद्दल एक शब्द नाही बोललीस. तासाला पावणेदहा डॉलर देऊ असं कागदावर लिहिलं आणि प्रत्यक्षात महिना तीस हजार रुपये ठरले, हा आरोप होता ना? कोर्टात शेवटपर्यंत चालला नाही, म्हणून मी गुन्हा झालाच म्हणत नाही. पण ऊसतोडीची उचल घेऊन गेलेली बाई आणि ती बाई, यांत मला फरक दिसत नाही. कागदावर एक, हातात एक. आपल्या देशाचे लोक रस्त्यावर उतरले ते साहेबिणीसाठी. मोलकरीणही भारतीयच होती. तिचा राजदूत कोण?

यावर भाचीनं जे उत्तर दिलं, त्यासाठी मी हा सगळा संवाद लिहायला घेतला. आवाज न चढवता ती म्हणाली, तिचा राजदूत तोच असायला पाहिजे, आणि त्या खुर्चीवर मला बसायचंय.

मग तिनं मुळ्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा भाग काढला. न्यूयॉर्कनंतर ते दिल्लीत पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशस्थ भारतीयांच्या विभागाचे सचिव झाले. 2016 च्या सुरुवातीला परदेशस्थ भारतीयांचं स्वतंत्र मंत्रालय परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं होतं. त्यामुळं आखातातला मजूर, परदेशात अडकलेली नवरी, तिकडून परत आणायचा मृतदेह ही सगळी कामं या एका दालनात आली. सुषमा स्वराज मंत्री होत्या. तोवर देशभर 77 पासपोर्ट सेवा केंद्रं होती, बहुतेक मोठ्या शहरांत. जानेवारी 2017 पासून टपाल कचेऱ्यांत केंद्रं उघडायला सुरुवात झाली. पन्नास किलोमीटरच्या पलीकडं कुणाला जावं लागू नये, हे उद्दिष्ट ठेवलं होतं. 2019 सरेपर्यंत ही केंद्रं चारशेच्या पुढं गेली. त्याआधी 2016 च्या डिसेंबरात नियमही सैल झाले होते. जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच हवा, हा हट्ट सुटला.

भाची : तुमचा प्रश्न होता, राजदूत शेतकऱ्याला दिसतो कुठं? पोस्टात दिसतो. आमच्या चुलत्याला पूर्वी पासपोर्टापायी पुण्याच्या खेपा घालाव्या लागल्या, एजंटाला पैसे मोजावे लागले ते वेगळेच. आज सोलापूरच्या पोस्टात काम होतं. हे प्रांताच्या अखत्यारीत नव्हतं.

मामा : कबूल. पण त्याच दालनातून नारिंगी पासपोर्टही निघाला होता. विसरलीस?

ती विसरली नव्हती, तिला तो विषय यायला नको होता एवढंच. जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयानं जाहीर केलं की पासपोर्टाचं शेवटचं पान छापायचं नाही आणि ज्यांना परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते त्यांच्या पासपोर्टाचं आवरण नारिंगी करायचं. ही परवानगी कुणाला लागते? मुख्यतः दहावी न झालेल्यांना, आखातासह ठरावीक देशांत मजुरीला जाताना. हेतू त्यांच्या रक्षणाचाच सांगितला होता. पण विमानतळावर रांगेत उभा असलेला माणूस अशिक्षित आहे, हे दुरून रंगानं कळलं असतं. केरळात ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि महिना संपायच्या आत निर्णय मागं घेतला गेला. एकट्या सचिवाचा तो निर्णय नव्हता, समितीतून आला होता. तरी विभाग तोच.

मामा : रोज मजुरांबरोबर बसणाऱ्या माणसाला हे सुचलं नसतं. म्हणून म्हणतो, इथं राहा.

भाची : आणि मी म्हणते, असा कागद समोर आल्यावर ‘हे नको’ म्हणायला तिथं वाशीचं कुणीतरी हवं.

रात्रीपर्यंत दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही. मामांनी पुस्तक सुलटं करून ठेवलं. तेवढीच तडजोड.

मला विचाराल तर मुळ्यांनी प्रांताची खुर्ची सोडली ते बरं केलं. मालेतल्या आणि न्यूयॉर्कमधल्या गाजलेल्या प्रसंगांवरून मी हे म्हणत नाही. त्या प्रसंगांत दिल्लीचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे सांगणं अवघड आहे. टपाल कचेरीतल्या खिडकीकडं पाहून म्हणतो. निवृत्तीनंतर 2019 मध्ये ते राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर सदस्य म्हणून गेले. मामांना त्यांच्या कारकिर्दीतलं ते एकच पद मनापासून पटलं.

आणि वाशी, भूम, कळंब भागातून आखातात निघालेल्यांना एक सांगणं. दहावी पास असाल तर पासपोर्टाच्या अर्जाला दहावीचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे परवानगीचा शेरा लागत नाही. दहावी झालेली नसेल तर ती परवानगी घेतल्याशिवाय निघू नका. एजंटाला पैसे देण्याआधी त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का, ते पाहा. स्वतःला पाहता येत नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत जाऊन कुठल्याही पोराला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल.